न दिसणं आणि नसणं : आरशातल्या द्रव्याचा शोध



गोडदेवच्या याच सभागृहात मागच्या वेळी आम्ही कृष्णद्रव्याविषयी बोललो होतो. व्याख्यान संपल्यावर एक गृहस्थ जवळ आले आणि म्हणाले, “सर, विश्वातल्या द्रव्यापैकी पंच्याऐंशी टक्के शास्त्रज्ञांना दिसतच नाही, असं तुम्हीच सांगितलंत. मग उद्या कोणी पितृलोक आहे, भूतयोनी आहे असं म्हटलं, तर तुम्ही कोणत्या तोंडानं नाही म्हणणार?”

आम्ही तेव्हा काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं. उशीर झाला होता, सभागृहाचे दिवे बंद करायला माणूस दारात उभा होता. घरी गेल्यावर मात्र ते उत्तर आमचं आम्हालाच पटेना. प्रश्न चांगला होता आणि उत्तर लंगडं होतं. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला हे शोभणारं नाही. म्हणून आज त्या प्रश्नाचं देणं फेडायला उभे आहोत. त्यासाठी एक उदाहरण घेणार आहोत: आरशातलं द्रव्य, ज्याला आपण सोयीसाठी ‘आरसाद्रव्य’ म्हणू. ते आहे की नाही, हे आज कोणालाही ठाऊक नाही. पण ते कसं शोधतात हे समजलं, की त्या गृहस्थांचं उत्तर आपोआप हाती येईल असं आम्हाला वाटतं.

मीठ आणि जीभ

भाईंदरच्या माणसाला मिठाची गोष्ट सांगावी लागत नाही. खाडीकाठच्या मिठागरांवर हे गाव वाढलं. खाडीचं पाणी ओंजळीत घेतलं तर मीठ दिसतं का? दिसत नाही. पण आहे. पाणी आटलं की पांढरं होऊन समोर येतं.

छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, हाच प्रयोग करायला लावतो. रात्री पाण्यात मीठ टाक म्हणतो, सकाळी ते काढून आण म्हणतो. मुलाला ते सापडत नाही. मग बाप त्याला वरचं पाणी चाखायला लावतो, मधलं, तळाचं. सगळीकडे खारट! उपनिषदाला त्यातून जे सांगायचं आहे ते वेगळं आणि फार मोठं आहे, त्याकडे आज जात नाही. आपल्याला त्यातली पद्धत हवी आहे. डोळ्याला जे सापडलं नाही ते जिभेला सापडलं. एक दार बंद होतं तेव्हा उद्दालकानं दुसरं दार सांगितलं. आणि मुख्य म्हणजे, ते दार असं होतं की मीठ नसतं तर पाणी गोडं लागलं असतं. ‘मीठ आहे’ हे म्हणणं खोटं ठरू शकलं असतं. एवढं लक्षात ठेवा, शेवटी उपयोगी पडेल.

उजव्या सोंडेच्या मूर्ती कुठे गेल्या?

आता आरशाकडे येऊ. पेणच्या गणपती कारखान्यात गेलात तर डाव्या सोंडेच्या मूर्ती जास्त दिसतील, उजव्या सोंडेच्या कमी. पण दोन्ही असतात. डाव्या सोंडेची मूर्ती आरशासमोर धरली की आत उजव्या सोंडेचा गणपती दिसतो, आणि मूर्तिकाराला सांगितलं तर तो तशी मूर्ती घडवूनही देतो. आरशात जे दिसतं ते प्रत्यक्षात घडवता येतं.

निसर्गाचे मूलभूत नियम असेच आहेत, डाव्या-उजव्यात ते भेदभाव करत नाहीत, असं १९५६ पर्यंत भौतिकशास्त्राला वाटत होतं. त्या वर्षी ली आणि यांग या दोन तरुण शास्त्रज्ञांनी विचारलं, की हे कोणी तपासून पाहिलंय का? गुरुत्वाकर्षण, विद्युतचुंबकीय बल यांच्या बाबतीत ठीक आहे. पण किरणोत्सारात जे ‘क्षीण बल’ काम करतं, त्याच्या बाबतीत कोणी पाहिलंय? कोणीच पाहिलं नव्हतं. चिएन-श्युंग वू या विदुषीनं कोबाल्ट-६० चे अणू निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ थंड केले, चुंबकाच्या मदतीनं त्यांच्या फिरक्या एका दिशेला लावल्या, आणि बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन कुठे जातात ते मोजलं. दोन्ही बाजूंना सारखे जायला हवे होते. ते एकाच बाजूला जास्त जात होते. म्हणजे निसर्ग डावं-उजवं करतो! १९५७ चं नोबेल ली आणि यांग यांना मिळालं, वू यांना मिळालं नाही. पण तो विषय वेगळा.

पुढे असं दिसलं, की क्षीण बलाशी व्यवहार करणारे न्यूट्रिनो नावाचे कण सगळे डाव्या फिरकीचेच असतात. उजव्या फिरकीचा एकही सापडलेला नाही. म्हणजे कारखान्यात हजारो मूर्ती, सगळ्या डाव्या सोंडेच्या. उजव्या सोंडेची एकसुद्धा नाही. कारागिराला आपण काय विचारू? “अहो, उजव्या सोंडेच्या दुसरीकडे ठेवल्यात का?”

अगदी हाच प्रश्न ली आणि यांग यांनी आपल्या १९५६ च्या लेखाच्या शेवटी सुचवला होता. कदाचित प्रत्येक कणाचा एक उजवा जोडीदार असेल, आणि दोन्ही मिळून तोल पुन्हा साधला जात असेल. १९६६ मध्ये सोव्हिएत रशियातल्या कोबझारेव्ह, ओकून आणि पोमेरांचुक यांनी त्यावर नीट विचार केला. त्यांनी दाखवलं, की असे जोडीदार असतील तर त्यांचा आपल्याशी विद्युतचुंबकीय किंवा तीव्र बलाचा संबंध असू शकत नाही. असता तर ते प्रयोगशाळेत केव्हाच दिसले असते. मग उरतं काय? गुरुत्वाकर्षण. ते सर्वांना समान.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करू, कारण बऱ्याच जणांचा घोटाळा होतो. हे प्रतिद्रव्य नव्हे. प्रतिद्रव्य आपल्या द्रव्याला भेटलं की दोन्ही नष्ट होऊन प्रकाश बाहेर पडतो. ते प्रयोगशाळेत बनतं, रुग्णालयातल्या पेट स्कॅनमध्ये रोज वापरलं जातं. आरसाद्रव्य आपल्याला भेटलं तर काहीच होणार नाही. आरसा-दगड तुमच्या तळहातातून खाली निघून जाईल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही. त्या जगात आरसा-प्रकाश असेल, तो आरसा-इलेक्ट्रॉनांना दिसेल. आपल्या डोळ्यांना नाही. आरसा-तारे असतील, ते आपापल्या जागी लखलखत असतील आणि आपल्याला तिथे काळोख दिसेल.

आता कृष्णद्रव्य आठवा. १९३३ मध्ये फ्रिट्झ झ्विकी यांनी दीर्घिकांच्या एका समूहात पाहिलं, की दिसणारं वस्तुमान त्या समूहाला बांधून ठेवायला पुरत नाही. १९७० च्या दशकात व्हेरा रुबिन यांनी दीर्घिकांची फिरण्याची गती मोजली आणि तोच हिशेब निघाला. दिसणाऱ्या द्रव्याच्या पाचपटीहून थोडं अधिक न दिसणारं द्रव्य आहे, आणि त्याची ओळख फक्त त्याच्या ओढीतून होते. मग ते आरसाद्रव्यच असेल का? हा मोह होणं साहजिक आहे.

पण मोह पुरत नाही, हिशेब जमावा लागतो. आरशातलं जग हुबेहूब आपल्यासारखं आणि सुरुवातीला आपल्याइतकंच तापलेलं असतं, तर विश्वाच्या पहिल्या काही मिनिटांत प्रसरण जास्त वेगानं झालं असतं आणि आज आहे त्याहून जास्त हेलियम तयार झाला असता. तसं दिसत नाही. त्यामुळे ही कल्पना मांडणाऱ्यांना मान्य करावं लागलं, की त्या जगाचं तापमान आपल्या जगाच्या अर्ध्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असायला हवं. म्हणजे नियम जुळे, पण जन्मवेळची परिस्थिती वेगळी. बघा, अजून कोणी दुर्बिणीला डोळा लावलेला नाही आणि कल्पनेला पहिलं बंधन पडलंसुद्धा.

घागर आणि पिशाच

इथे आम्ही थोडं आमच्या विषयात शिरतो. आपल्या परंपरेत ‘नसणं’ कसं कळतं यावर शेकडो वर्षं वाद झाला आहे. वर्गात आम्ही वर्षानुवर्षं एकच उदाहरण देत आलो: जमिनीवर घागर नाही, हे मला कसं कळलं? डोळ्यांना जमीन दिसली, घागर दिसली नाही. कुमारिल भट्टांचे अनुयायी मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती म्हणाले, न दिसणं हेच एक स्वतंत्र प्रमाण आहे, त्याला ‘अनुपलब्धी’ म्हणा. नैयायिक म्हणाले, वेगळं प्रमाण कशाला, प्रत्यक्षातच ते येतं. हे भांडण चालू राहिलं. पण एका अटीवर बहुतेकांचं एकमत होतं, आणि ती अट सोन्यासारखी आहे.

अट अशी: न दिसण्यावरून नसणं सिद्ध व्हायचं असेल, तर ती वस्तू तिथे असती तर दिसलीच असती, अशी स्थिती हवी. याला ‘योग्य अनुपलब्धी’ म्हणतात. खोलीत उजेड आहे, डोळे धड आहेत, घागर काही अदृश्य वस्तू नाही. तेव्हा दिसली नाही म्हणजे नाही. पण अंधाऱ्या खोलीत दिसली नाही म्हणून ‘नाही’ म्हणणं चूक. सातव्या शतकाच्या आसपासच्या धर्मकीर्ती या बौद्ध आचार्यांच्या परंपरेत याची आणखी बारीक फोड आहे. वस्तू तीन प्रकारे आपल्यापासून दूर असू शकते: जागेनं दूर, काळानं दूर आणि स्वभावानं दूर. स्वभावानं दूर म्हणजे जवळ असूनही जी दिसण्याजोगीच नाही. त्याचं ठरलेलं उदाहरण कोणतं, ठाऊक आहे? पिशाच! तर्कशास्त्रज्ञ म्हणतात, पिशाच दिसलं नाही यावरून ते नाही असं सिद्ध होत नाही. त्याबद्दल गप्प राहा.

म्हणजे आपल्या त्या गृहस्थांच्या बाजूनं बोलायला तेराशे वर्षांपूर्वीचे आचार्य हजर आहेत! पण थांबा. आरसाद्रव्य प्रकाशाच्या बाबतीत पिशाचासारखं आहे, स्वभावानं दूर. गुरुत्वाकर्षणाच्या बाबतीत मात्र ते घागरीसारखं आहे. तिथे उजेड पाडता येतो. खगोलशास्त्रज्ञांनी गेल्या काही दशकांत केलं ते हेच: ज्या ज्या ठिकाणी आरसाद्रव्य असतं तर कळलंच असतं, अशा जागा हुडकून काढल्या.

पाच खोल्या, पाच दिवे

पहिली जागा: भिंग. एखादा काळोखा तारा दूरच्या ताऱ्याच्या अगदी समोरून गेला, तर त्याच्या गुरुत्वाकर्षणानं मागच्या ताऱ्याचा प्रकाश वाकतो आणि तो तारा काही दिवस उजळ दिसून पुन्हा पहिल्यासारखा होतो. आरसा-तारा असेल तरी हेच होणार. आपल्या आकाशगंगेशेजारच्या मॅजेलनी मेघातल्या ताऱ्यांवर १९९० च्या दशकापासून अशी पाळत सुरू झाली. ऑस्ट्रेलियातून चाललेल्या पहिल्या मोठ्या पाहणीत अपेक्षेपेक्षा जास्त घटना मिळाल्या आणि बरेच जण हुरळले. पुढच्या पाहण्यांत तो आकडा टिकला नाही. चिलीमधून पोलिश खगोलशास्त्रज्ञांनी वीस वर्षं सुमारे आठ कोटी ताऱ्यांवर नजर ठेवली आणि २०२४ मध्ये निकाल दिला: मिळाल्या त्या थोड्या घटना ओळखीच्या ताऱ्यांनीच समजावता येतात. ग्रहांएवढ्यापासून मोठमोठ्या ताऱ्यांएवढ्यापर्यंतच्या काळोख्या गोळ्यांचा कृष्णद्रव्यातला वाटा फार तर एक-दशांश.

पण योग्यतेची अट विसरू नका. हा दिवा फक्त गोळ्यांवर पडतो. आरसाद्रव्य पसरलेल्या वायूच्या रूपात असेल तर?

त्यासाठी दुसरी जागा: टक्कर. ‘बुलेट’ नावानं ओळखला जाणारा दीर्घिकांचा एक समूह दुसऱ्या समूहातून आरपार गेलेला आहे. त्यातला साधा, तापलेला वायू एकमेकांवर आदळून मागे रेंगाळला. तो क्ष-किरणांत दिसतो. तो पाहिला ‘चंद्रा’ या वेधशाळेनं, आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखरांच्या नावाच्या. पण वजनाचा बराचसा भाग कुठे आहे हे प्रकाश वाकण्यावरून काढलं, तेव्हा तो वायूबरोबर मागे राहिलेला नव्हता, पुढे निघून गेला होता. २००६ मध्ये हे जाहीर झालं. आता सांगा, आरसाद्रव्य आपल्यासारखंच असेल आणि वायूच्या रूपात असेल, तर आरसा-वायूही आरसा-वायूवर आदळून मागे राहायला हवा होता.

म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. गोळ्यांच्या रूपात म्हणावं तर भिंगानं सापडत नाही, वायू म्हणावं तर टक्कर आडवी येते. यातून वाट काढणारे संशोधक आहेत, सगळ्यांचं एकमत झालेलं नाही. पण सगळंच्या सगळं कृष्णद्रव्य म्हणजे साधंसुधं आरसाद्रव्य, हे म्हणणं आता सोपं राहिलेलं नाही. थोडा वाटा असू शकतो.

तिसरी जागा: ओल. इथल्या इमारतींत राहणाऱ्यांना हे लगेच कळेल. शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं ते आपल्याला दिसत नाही, पण त्यांचा पाइप गळला की आपल्या भिंतीला ओल येते. काही सिद्धांतांत आपला प्रकाश आणि आरसा-प्रकाश यांच्यात अशी अत्यंत बारीक गळती मान्य केली आहे. कॅनडातल्या डेव्हिड कर्टिन आणि जॅक सेटफर्ड यांनी हिशेब केला, की तशी गळती असेल तर आरसा-तारा वाटेतला आपला थोडा वायू ओढून पोटात धरील, तो वायू आतल्या उष्णतेनं तापेल आणि मंदसा दिसू लागेल. लहान, तप्त, मिणमिणता ठिपका. साध्या ताऱ्यांच्या ठरलेल्या पट्ट्यांत न बसणारा. युरोपच्या ‘गाया’ यानानं जवळजवळ १८० कोटी ताऱ्यांची नोंद केली आहे. त्या वह्यांत असे बिनपट्ट्याचे ठिपके कसे शोधायचे, याची पद्धत तयार आहे. खात्रीचा आरसा-तारा अजून मिळालेला नाही.

खोडदची घड्याळं

चौथ्या जागेसाठी आपण महाराष्ट्रातच यायचं आहे. नारायणगावहून आत गेलं की खोडद लागतं. तिथे पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या उभ्या आहेत, ती ‘जीएमआरटी’ ही रेडिओ दुर्बीण. गोविंद स्वरूप यांनी ती उभी केली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं पुण्यातलं केंद्र ती चालवतं. दर वर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञानदिनी, तिथे शाळांची मुलं लोटतात. नातवंडं असतील तर एकदा घेऊन जा. मोबाइल मात्र बंद ठेवावा लागतो, कारण आकाशातून येणारा संदेश तुमच्या फोनच्या तुलनेत कुजबुजीपेक्षाही हळू असतो.

ही दुर्बीण आरसाद्रव्य शोधायला बांधलेली नाही, हे आधीच सांगतो. पण ती स्पंदक ताऱ्यांचा अभ्यास करते. स्पंदक म्हणजे न्यूट्रॉन तारा. सूर्याहून जास्त वस्तुमान आणि आकार वीस-पंचवीस किलोमीटर, म्हणजे इथून साधारण अंधेरीपर्यंतचा गोळा. तो फिरतो आणि प्रत्येक फेरीला एक टिक देतो. निसर्गातलं इतकं नेमकं घड्याळ क्वचितच मिळेल.

याचा आरशाशी संबंध काय? विजेचा भार असलेला कण चोरून आरशाच्या जगात जाऊ शकत नाही, कारण भार हिशेबातून गायब होऊ शकत नाही. न्यूट्रॉन मात्र बिनभाराचा. काही सिद्धांत म्हणतात, न्यूट्रॉन अधूनमधून आरसा-न्यूट्रॉन होत असेल. तसं असेल तर न्यूट्रॉन तारा हे त्याचं मोठं कोठार. तिथे न्यूट्रॉन हळूहळू पलीकडे जातील, तारा आतून नव्यानं रचला जाईल, ऊर्जा बाहेर पडेल आणि एकूण वस्तुमान किंचित घटेल. असा तारा दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरत असेल तर ओढ कमी झाल्यानं कक्षा रुंदावेल आणि फेरीचा काळ वाढेल.

आणि फेरीचा काळ तर आपण मोजतोच! १९७४ मध्ये हल्स आणि टेलर यांनी पहिला दुहेरी स्पंदक शोधला. त्याची फेरी पावणेआठ तासांची. ती दर वर्षी सुमारे ७६ मायक्रोसेकंदांनी घटते आहे. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. आइन्स्टाइनच्या सिद्धांतानुसार गुरुत्वीय लहरींमुळे जेवढी घट व्हायला हवी, जवळजवळ तेवढीच. आरशाकडे होणाऱ्या गळतीला त्या हिशेबात फारशी जागाच उरत नाही. मूळचे ओडिशाचे, अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात काम करणारे रवींद्र मोहपात्रा आणि त्यांचे दोन सहकारी यांनी २०१९ मध्ये दुहेरी स्पंदकांच्या मोजमापांवरून या गळतीला मर्यादा घालून दिली. गंमत बघा: मोहपात्रा हे स्वतः आरसाद्रव्याच्या सिद्धांतावर अनेक वर्षं काम केलेले. आपल्याच आवडत्या कल्पनेला चिमटा कुठे बसतो, हे त्यांनीच शोधलं.

प्रयोगशाळेतही हे झालं आहे. न्यूट्रॉनचं सरासरी आयुष्य बाटलीत साठवून मोजलं तर सुमारे ८७८ सेकंद येतं, झोतात मोजलं तर सुमारे ८८८. या दहा सेकंदांच्या फरकाचं कारण आरसा-न्यूट्रॉन असेल का? अमेरिकेत ओक रिजला एक प्रयोग झाला. न्यूट्रॉनांच्या वाटेत जाड अडथळा उभा केला. आरसा-न्यूट्रॉन असते तर ते अडथळ्यातून सहज पार जाऊन पलीकडे काही पुन्हा आपले न्यूट्रॉन झाले असते. २०२२ मध्ये निकाल आला: पलीकडे कोणी आलं नाही. फरकाचं ते स्पष्टीकरण मिटलं.

हिंगोलीचा कान

पाचवी जागा आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते. दोन आरसा-न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले, तर प्रकाश दिसणार नाही, पण गुरुत्वीय लहरी निघतील. आणि नियम जुळे असल्यानं त्या लहरींची चाल आपल्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या लहरींसारखीच असेल. ओळखीची चाल गोंगाटातून वेगळी काढणं, हे या क्षेत्रातलं मोठं कौशल्य. भाईंदर स्टेशनच्या गर्दीत आपल्या माणसाची हाक ओळखू येते ना, तसं. पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमारास, लहरी सापडायच्या पंचवीसएक वर्षं आधी, या पद्धतीचं पायाभूत काम केलं.

आता दोन घटना शेजारी शेजारी ठेवा. १७ ऑगस्ट २०१७: दोन न्यूट्रॉन तारे आदळल्याच्या लहरी आल्या. तीन यंत्रांनी मिळून दिशा २८ चौरस अंशांपर्यंत आणली. दुर्बिणी तिकडे वळल्या आणि तेरा कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेत तो उजेड सापडला. २५ एप्रिल २०१९: पुन्हा तशाच लहरी. या वेळी उजेड सापडला नाही. झालं, आरसा-तारेच ते!

असं म्हणावंसं वाटतं की नाही? आता अट लावा: उजेड असता तर दिसलाच असता का? त्या दिवशी अमेरिकेतल्या दोन यंत्रांपैकी एक बंद होतं. दिशा कळली ती आठ हजारांहून अधिक चौरस अंशांत, म्हणजे आकाशाच्या पाचव्या हिश्श्यात. घटना २०१७ पेक्षा चौपट दूर. एवढं आकाश वेळेत नीट पाहून होणं शक्यच नव्हतं. ही अंधारी खोली. इथे घागर दिसली नाही म्हणून काहीही सिद्ध होत नाही, ना आरसा-ताऱ्यांचं असणं, ना उजेडाचं नसणं.

याच ठिकाणी हिंगोली जिल्हा येतो. औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ उभं राहायचं आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, काटकोनात. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. अमेरिका आणि युरोपातल्या यंत्रांपासून इतक्या लांब आणखी एक कान असला, की लहरी कुठे आधी, कुठे नंतर पोचल्या यावरून दिशा पुष्कळ नेमकी ठरते. मग दुर्बिणींना आठ हजार नव्हे, मोजक्या चौरस अंशांचं आकाश पाहावं लागेल. त्यानंतर जर एकामागून एक टकरी अशा आल्या, की जवळच्या, नेमक्या जागेच्या, सगळ्या दुर्बिणी रोखलेल्या, आणि तरी उजेड नाही, तर तेव्हा आरसा-ताऱ्यांचा विचार गंभीरपणे करावा लागेल. आणि दर वेळी उजेड सापडत गेला, तर आरसा-ताऱ्यांची शक्यता तेवढी आकसेल. हिंगोलीचं यंत्र आरसाद्रव्य शोधेलच, असं आम्ही म्हणत नाही. ‘दिसलं नाही’ या वाक्याला ते अर्थ मिळवून देईल. तत्त्वज्ञानाच्या माणसाला हे फार मोठं वाटतं.

त्या गृहस्थांना उत्तर

एकोणिसाव्या शतकातली एक जोडगोळी आठवते. युरेनस ग्रहाची चाल बिघडलेली होती. फ्रान्सच्या ले व्हेरिए यांनी कागदावर हिशेब करून एका न दिसलेल्या ग्रहाची जागा सांगितली आणि १८४६ मध्ये बर्लिनला नेपच्यून सापडला. मग बुधाची चाल बिघडलेली दिसली. त्याच ले व्हेरिए यांनी त्याच पद्धतीनं आणखी एक न दिसणारा ग्रह सुचवला, व्हल्कन. लोकांनी अनेक दशकं शोधला, ग्रहणाच्या काळोखातही शोधला. तो नव्हताच. १९१५ मध्ये आइन्स्टाइननं दाखवलं, की बिघाड गुरुत्वाकर्षणाच्या जुन्या नियमात होता. माणूस तोच, बुद्धी तीच, पद्धत तीच. एक न दिसणारी गोष्ट खरी निघाली, एक खोटी. आरसाद्रव्य यातलं काय आहे, हे आम्हाला सांगता येत नाही. पण ले व्हेरिए यांनी दोन्ही वेळा एक सचोटी पाळली: कुठे पाहा ते सांगितलं. म्हणून नेपच्यून सापडू शकला, आणि म्हणूनच व्हल्कन खोटा ठरू शकला.

त्या गृहस्थांना आता आमचं उत्तर असं. काका, न दिसणाऱ्या गोष्टीवर विश्वास ठेवण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. शास्त्रज्ञही रोज तेच करतात. पितृलोक नाही, हे आम्ही दुर्बिणीनं सिद्ध करू शकत नाही, आणि तसा दावा करणार नाही. पितरांना पाणी देणं हा स्मरणाचा, कृतज्ञतेचा भाग आहे. आम्हीही देतो. त्याला दुर्बिणीची परवानगी लागत नाही. पण कोणी ‘विज्ञानालाही पंच्याऐंशी टक्के दिसत नाही’ असं म्हणून तुम्हाला ताईत विकायला आला, पत्रिकेतली अदृश्य बाधा काढायला पैसे मागू लागला, तर त्याला एकच प्रश्न विचारा: “तुम्ही म्हणता ती गोष्ट नसती, तर मला काय वेगळं दिसलं असतं?” आरसाद्रव्यवाल्यांना हा प्रश्न विचारला तर त्यांनी पाच जागा दाखवल्या, आणि त्या पाचांपैकी कुठेही हाती काही लागलेलं नाही हेही स्वतःच सांगितलं. ताईतवाला एकही जागा दाखवणार नाही. बाधा गेली तर ताईतानं गेली, राहिली तर तुमची श्रद्धा कमी पडली. त्याची घागर कोणत्याच खोलीत कधीच ‘नाही’ ठरत नाही.

प्रश्नोत्तरं

एका विद्यार्थिनीनं विचारलं, आरशाच्या जगात माणसं असतील का? तारे असतील तर ग्रहही असू शकतील, इतकंच म्हणता येतं. मात्र ते जग सुरुवातीला थंड असल्यामुळे तिथे हायड्रोजनपेक्षा हेलियम जास्त असेल असा हिशेब आहे. हेलियमचे तारे लवकर जळून जातात. माणसं घडायला लागणारा निवांत वेळ तिथे मिळाला असेल का, शंकाच आहे. तुमचं प्रतिबिंब तिकडे व्याख्यान ऐकत बसलेलं नाही, एवढं नक्की. नियम जुळे असले तरी इतिहास जुळा नसतो.

दुसरा प्रश्न एका निवृत्त बँक कर्मचाऱ्यांचा: काही सापडलंच नाही, तर एवढा पैसा आणि आयुष्यं वाया नाही का गेली? वर सांगितलेल्या यंत्रांपैकी बहुतेक एकट्या आरसाद्रव्यासाठी बांधलेली नाहीत. त्याच खोडदच्या निरीक्षणांतून आपल्या संशोधकांनी युरोपीय गटाबरोबर जून २०२३ मध्ये अतिमंद गुरुत्वीय लहरींच्या खुणा जाहीर केल्या. आणि दुसरं, तुम्ही बँकेत रात्री उशिरापर्यंत बसून हिशेब तपासायचात, आणि तफावत नाही असं निघायचं. ती रात्र वाया गेली असं तुम्ही म्हणत होता का? खातं जुळलं हे कळायलाही तपासावंच लागतं.

तिसरा प्रश्न त्याच गृहस्थांचा होता. ते आज पुन्हा आले होते, मागच्या रांगेत बसले होते. म्हणाले, “मग सर, पाणी देत राहू ना?” आम्ही म्हटलं, देत राहा. फक्त ताईत घेऊ नका.